हौस, रियाज आणि पठार

गेल्या वर्षी घर बदलताना आमच्यापैकी एकाला जुन्या पुस्तकांच्या खोक्यात एक कॅसेट सापडली. तिच्यावर निळ्या शाईत 'वसतिगृह, निरोप समारंभ, २००३' एवढेच लिहिलेले होते. ती वाजवण्यासाठी यंत्र मिळवण्यात आठवडा गेला. अखेर महाविद्यालयाच्या भाषा-प्रयोगशाळेतील एका बंद कपाटातून टेपरेकॉर्डर निघाला आणि मराठी विभागाच्या खोलीत बसून आम्ही दोघांनी ती ऐकली. तीत एम.ए.च्या शेवटच्या वर्षातले आम्ही दोघे गिटार वाजवत 'पुरानी जीन्स' गात होतो. आवाज कोवळे, उत्साह अफाट. आणि प्रत्येक कडव्यात एफ कॉर्ड येण्याआधी किंचित थांबा. गाणारा त्या जागी श्वास घेतल्यासारखे करून वेळ मारून नेत होता.

आम्ही मनसोक्त हसलो. त्याच संध्याकाळी घरी बसून तेच गाणे पुन्हा वाजवले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. ऐकले तेव्हा हसू आले नाही. त्याच जागी तोच थांबा होता. मधल्या वीसहून अधिक वर्षांत आम्ही गिटार कधीच सोडली नव्हती. रविवारची दुपार, स्टाफच्या सहली, स्नेहसंमेलनाच्या तालमी, असे वादन अखंड चालू होते. तरीही तो थांबा जिथल्या तिथे होता. आणि कॅसेट सापडेपर्यंत तो आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

हौशी गिटारवादक वर्षानुवर्षे वाजवत राहिला तर सुधारत जातो, की काही काळाने एका पठारावर पोचून तिथेच राहतो, हा प्रश्न आम्हांला त्या संध्याकाळी पडला. 'थेंबे थेंबे तळे साचे' या न्यायाने पहिले उत्तर खरे असायला हवे. आमचा अनुभव दुसऱ्या उत्तराच्या बाजूने साक्ष देत होता. परंतु पठार आहे एवढे म्हणून भागत नाही. ते नेमके कशाचे आहे, याचा विचार करायला हवा. आमचे मत असे की हे पठार बोटांचे नसून कानाचे असते. वादकाची सुधारणा थांबते ती त्याची क्षमता संपल्यामुळे नव्हे, तर त्याला स्वतःचे वादन ऐकू येईनासे झाल्यामुळे.

ज्यांनी गिटार हाती धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडे तपशील देणे आवश्यक आहे. शिकण्याचे पहिले काही महिने चढण अगदी उभी असते. डाव्या हाताची बोटे दुखतात, त्यांच्या टोकांना घट्टे पडतात, मग दुखणे थांबते. जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्या चार कॉर्ड बसल्या की कितीतरी गाण्यांची साथ करता येते. वसतिगृहात एवढ्या भांडवलावर माणूस 'गिटार वाजवणारा' म्हणून ओळखला जाऊ लागतो. आमच्या वेळी लकी अली, 'गारवा' आणि नंतर 'दिल चाहता है' यांवर आमची दोन-तीन वर्षे सुखात गेली. प्रगती इतकी झपाट्याने होत होती की ती अशीच होत राहणार, असे वाटणे स्वाभाविक होते.

मग एफ येते. या कॉर्डसाठी तर्जनी आडवी टाकून पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एकाच वेळी दाबाव्या लागतात आणि उरलेल्या तीन बोटांनी वरचा आकार धरावा लागतो. तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या अगदी जवळची ही जागा. तिथे तार दाबायला जोर अधिक लागतो. अनेकांची गिटार याच ठिकाणी कायमची भिंतीवर टांगली जाते. जे टिकतात ते वाटा शोधतात. कोणी चारच तारांवरची अर्धी एफ धरतो. कोणी कॅपो, म्हणजे मानेवर लावायचा चिमटा, वापरून गाणे अशा पट्टीत नेतो की एफ लागूच नये. आणि कोणी आमच्यासारखा एफच्या आधी थांबतो. कॅपो हे काही वाईट साधन नव्हे, नामांकित वादकही तो लावतात. फरक एवढाच की ते विशिष्ट नादासाठी लावतात आणि आम्ही अडचण चुकवण्यासाठी लावत होतो. अडचण चुकवता आली की ती संपली असे वाटू लागते आणि पठाराला सुरुवात होते.

'पठार' हा शब्द या अर्थाने मानसशास्त्रात आला त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी अभ्यासकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. येणारा संदेश ऐकून समजून घेण्याचा वेग काही काळ वाढत जाई, मग कित्येक आठवडे तिथेच राही आणि नंतर पुन्हा चढू लागे. त्यांचे स्पष्टीकरण साहित्याच्या माणसाला लगेच पटेल असे आहे. शिकाऊ तारमास्तर आधी एकेक अक्षर ऐकतो, पुढे त्याला अख्खे शब्द ऐकू येऊ लागतात आणि त्यानंतर वाक्यखंड. पठाराच्या काळात अक्षरे इतकी अंगवळणी पडत असतात की पुढे त्यांच्याकडे लक्ष देण्याची गरज उरत नाही. मग मोकळे झालेले लक्ष शब्दांकडे वळते. वाचायला शिकणाऱ्या मुलाचेही असेच होते. गिटारवरही आधी एकेक बोट, मग कॉर्डचा आकार, मग एका कॉर्डवरून दुसरीवर जाणे आणि शेवटी गाण्याचा संपूर्ण प्रवाह अशी ही चढण आहे.

या हिशेबाने पठार म्हणजे विसावा, पुढच्या चढणीची तयारी. यात हौशी माणसाला मोठाच दिलासा आहे. पण १९५८ मध्ये फ्रेड केलर यांनी या पठाराला आभासी ठरवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना मोर्स लिपी शिकवण्याचे काम त्यांनी केले होते आणि शिकण्याच्या वाटेवर असे पठार लागलेच पाहिजे हे त्यांना मान्य नव्हते. म्हणजे पठार हा शिकण्याचा अटळ नियम नव्हे. शिकण्याच्या पद्धतीनुसार ते लागते किंवा लागत नाही. त्यातून आमचे पठार काही आठवड्यांचे नव्हते, वीस वर्षांचे होते. त्याला विसावा म्हणणे म्हणजे शब्दाची चेष्टा करणे होय.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत आपण प्रत्येक कृती विचारपूर्वक करतो. दुसरीत चुका कमी होत जातात. तिसरीत कृती आपोआप होऊ लागते. ही तिसरी अवस्था म्हणजे मोठे वरदान. ती नसती तर गाताना वाजवणे कोणालाच जमले नसते. परंतु जे आपोआप होते त्याच्याकडे आपले लक्ष नसते आणि ज्याच्याकडे लक्ष नाही ते दुरुस्त कसे होणार? आमचा तो थांबाही आपोआप होत होता. वीस वर्षे आम्ही गाण्याचा सराव केला असे आम्ही म्हणू. वस्तुतः गाण्याबरोबर त्या थांब्याचाही तितकाच सराव केला होता आणि तो उत्तम बसला होता.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप तासांचा: हौशी माणूस आठवड्यातून दोन तास वाजवणार, तो सुधारणार किती? १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या आसपास एकट्याने सराव केलेला होता. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' या पुस्तकातून हा आकडा जगभर पसरला आणि त्याचा नियम झाला. खुद्द एरिक्सन यांनी या सुलभीकरणावर आक्षेप घेतला होता. त्यांचा भर तासांच्या संख्येवर नसून सरावाच्या प्रकारावर होता: नेमकी उणीव हेरून, ती डोळ्यांपुढे ठेवून आणि चूक दाखवणारे कोणी असताना केलेला सराव. या कसोटीवर आमच्या सगळ्या रविवारांची बेरीज फारशी भरत नाही.

दुसरा आक्षेप उपजत देणगीचा. तो आम्ही झटकून टाकणार नाही. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली, तेव्हा संगीतातील लोकांच्या कामगिरीत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे २१ टक्केच फरक अशा हेतुपूर्वक सरावाने उलगडला. बाकीच्यात आणखी कितीतरी गोष्टी आल्या. देणगीही त्यांपैकी एक असू शकेल. पण हे आकडे माणसामाणसांतील फरकाबद्दल बोलतात. आमची तुलना कोणा थोर वादकाशी नाही, ती २००३ मधल्या आमच्याशीच आहे. त्या दोघांना आम्ही मागे टाकू शकलो नाही, याचा दोष देणगीवर ढकलता येणार नाही.

तिसरा आक्षेप वयाचा आणि चाळिशीतल्या माणसाला तो फार सोयीचा असतो. साहित्याच्या अभ्यासकांना 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन'चे लेखक म्हणून परिचित असलेले वेन बूथ यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षी चेलो शिकायला घेतला आणि पुढे कित्येक दशके तो हौसेने वाजवला. १९९९ मध्ये त्यांनी या हौसेवरच 'फॉर द लव्ह ऑफ इट' हे पुस्तक लिहिले. शिक्षणविचारक जॉन होल्ट चाळिशीत चेलोकडे वळले. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकाचे 'नेव्हर टू लेट' हे नावच पुरेसे बोलके आहे. यांपैकी कोणी मैफली गाजवल्या नाहीत. पण उतारवयाकडे झुकताना शिकणे थांबतेच, या समजुतीला या दोन पुस्तकांनी छेद दिला आहे.

कॅसेटच्या प्रसंगानंतर आम्ही दोघांनी एका क्लासमध्ये नाव घातले. वर्गात बाकी सगळी शाळकरी मुले, ट्रिनिटीच्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडची तयारी करणारी. शिकवणारा तरुण आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्याने आम्हांला काहीतरी वाजवायला सांगितले. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने वाजवले. तो अदबीने म्हणाला, "सर, मध्ये थांबता ते तुम्हांला ऐकू येतं का?" कॅसेटमुळे आम्हांला उत्तर ठाऊक होते, म्हणून आम्ही मान डोलावली. "मग अजून एक जागा आहे," तो म्हणाला, "सी वरून जी वर जाताना. ती येते का ऐकू?" ती आम्हांला ऐकू आली नव्हती.

पुढचे सहा आठवडे त्याने आम्हांला एकही गाणे वाजवू दिले नाही. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, सी वरून एफ, एफ वरून सी, दर चार ठोक्यांनी बदल. बोट केव्हा उचलते, कोणते आधी टेकते, टेकण्यापूर्वी किती उंच जाते, हे पाहायचे. ठोका चुकला तर वेग वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. रोज शेवटी ध्वनिमुद्रण करून ऐकायचे. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. विलंबित लयीत पलटे घोटणे म्हणजे दुसरे काय? पण आम्ही आजवर केले होते त्याला वादन म्हणता येईल, रियाज नव्हे. खरे सांगायचे तर हे सहा आठवडे अतिशय कंटाळवाणे होते. वीस वर्षे ज्या वाद्याने विरंगुळा दिला त्याचा राग येऊ लागला. सातव्या आठवड्यात गाणे वाजवले तेव्हा तो थांबा नाहीसा झाला होता. त्याच्या जागी आणखी चार उणिवा स्पष्ट ऐकू येत होत्या. त्या आधीपासूनच असणार. आमच्या मते खरी सुधारणा थांबा जाण्यात नव्हती, या चार उणिवा ऐकू येण्यात होती.

आपल्याकडे 'तानसेन होता आले नाही तर निदान कानसेन तरी व्हावे' असे म्हणतात. हे सांगणे न वाजवणाऱ्यासाठी आहे, असे आपण समजतो. वाजवणाऱ्यालाच त्याची अधिक गरज आहे. हौशी नाटकवाल्यांची स्थिती याबाबतीत बरी असते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघाला प्रयोगाची तारीख असते, दिग्दर्शक असतो, प्रेक्षक आणि परीक्षक असतात. कोणीतरी पाहते, कोणीतरी थांबवते. घरातल्या घरात वाजवणाऱ्या गिटारवाल्याला थांबवणारे कोणी नसते. मित्र टाळ्या वाजवतात, घरचे सहन करतात आणि ज्या दृक्‌श्राव्य धड्यांवरून तो शिकतो ते धडे त्याला दिसतात, त्यांना तो दिसत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. हौशी माणसाने सुधारायलाच हवे का? हौसेलाही प्रगतिपुस्तक लावायचे का? या बाजूने रोलाँ बार्त यांच्याएवढा समर्थ वकील मिळणे कठीण. १९७० च्या 'म्युझिका प्रॅक्टिका' या निबंधात त्यांनी ऐकण्याचे संगीत आणि वाजवण्याचे संगीत असा भेद केला. हातांनी, शरीराने करायचे हे दुसरे संगीत हौशी माणसाचे. आणि तो हौशी माणूसच लोप पावत चालला, त्याची जागा तज्ज्ञ वादक आणि निमूट श्रोते यांनी घेतली, ही त्यांची खंत होती. बार्त स्वतः हौसेने पियानो वाजवत. १९७५ च्या आपल्या आत्मपर पुस्तकात ते मोकळेपणाने सांगतात की बोटांची ठरलेली मांडणी ते पाळत नाहीत, त्यामुळे चुकांशिवाय काहीच वाजवू शकत नाहीत, कारण त्यांना आनंद ताबडतोब हवा असतो आणि सरावाचा कंटाळा नको असतो. त्याच पुस्तकात ते स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून ऐकण्याबद्दल लिहितात: आरंभी कुतूहल असते, पण लवकरच आपण आपल्याला ऐकू येईनासे होतो आणि उरतात ते बाख आणि शूमान.

हौशी माणसाच्या पठाराचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही. आणि बार्त यांच्याशी भांडण करण्याची आमची इच्छाही नाही. त्यांनी पठार जाणूनबुजून निवडले होते. आपल्या चुका त्यांना ठाऊक होत्या आणि त्यांच्याबदल्यात काय मिळते हेही ठाऊक होते. असे पठार हा हौशी माणसाचा हक्क आहे. संसार, नोकरी, आजारपणे सांभाळून जो रविवारी चार गाणी वाजवतो, त्याला आणखी वर चढ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमचा आक्षेप दुसऱ्या पठारावर आहे, जिथे आपण पठारावर आहोत हेच ठाऊक नसते. तिथे माणूस विसावलेला नसतो, फसलेला असतो. त्यातला आनंदही हळूहळू सवयीत बदलत जातो. सहा आठवड्यांच्या कंटाळ्यानंतर ते गाणे आम्हांला नव्याने आवडले, तेव्हा मागची कित्येक वर्षे ते आवडणे थांबले होते हे लक्षात आले.

हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सांगण्याचे कारण आता लपवण्यात अर्थ नाही. गिटार ही आमची हौस आहे; शिकवणे हा आमचा पेशा आहे. क्लासमधल्या त्या प्रश्नानंतर काही दिवसांनी आमच्यापैकी एकाने तासाला नेहमीप्रमाणे नवकवितेवरचे टिपण उघडले. वहीचा रंग उडालेला, कडेला पंधरा वर्षांपूर्वीची तारीख. विनोदाची जागा ठरलेली, थांबण्याची जागा ठरलेली, उदाहरणही तेच. तास छान झाला. तो नेहमीच छान होतो. वर्गातून बाहेर पडताना त्याच्या मनात आले की आपण इथेही एखाद्या एफच्या आधी थांबत असलो तर? एखादी अवघड कविता आपण कॅपो लावून सोप्या पट्टीत नेत असलो तर? ते ऐकणारे कोण आहे? विद्यार्थी वही लिहून घेतात, परीक्षेत तेच परत करतात आणि आपलाच थांबा आपल्याला उत्तरपत्रिकेत गुण घेऊन भेटतो.

या सत्रात आम्ही एकमेकांच्या तासांना मागच्या बाकावर बसायचे ठरवले आहे. दोन तास झाले. पहिल्या तासानंतर झालेली चर्चा अवघड होती; वीस वर्षांची मैत्री नसती तर ती झालीच नसती. आपण नवकवितेबद्दल बोलतो, पण वर्गात कविता मोठ्याने वाचतच नाही, हे एकाला दुसऱ्याकडून कळले. इतकी वर्षे ते त्याला ऐकू आले नव्हते.

तेव्हा हौशी वादक सुधारत राहतो की थांबतो, याचे आमचे उत्तर असे: ऐकणे चालू असेतो तो सुधारत राहतो. त्यासाठी वर्षे मोजून उपयोग नाही. कोणी ऐकणारा हवा आणि त्याने सांगितलेले सोसण्याची तयारी हवी. असो. एफ आता वेळेवर येते. बी मायनर येत नाही, आणि ती येत नाही हे आम्हांला ऐकू येते.